निळ्या ड्रेसची आतली बाजू

शनिवारी दुपारी टेपकाकूच्या मशीनची सुई तुटली. जीन्सच्या जाड घडीवर तुटली असती तर तिने तोंडातल्या तोंडात दोन शब्द पुटपुटून नवी बसवली असती. पण ही तुटली साध्या सुती ड्रेसवर. ड्रेस तिच्याच मुलीचा, गेल्या वर्षी तिनेच शिवलेला, निळा, हात लावला तर विरघळेल इतक्या पातळ कापडाचा. पातळ कापडावर सुई तुटायचं कारणच काय? तिने ड्रेस उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

टेपकाकू हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. सकाळी उठल्यापासून गळ्यात मोजायचा टेप लटकलेला, म्हणून सगळ्या गल्लीची ती टेपकाकू. भाजी आणायला गेली तरी टेप गळ्यातच. भाजीवाला विचारायचा, "काय काकू, आज काकडी मोजून नेणार वाटतं?" तीही मागे हटणारी नव्हती. "मोजायलाच हवी. तुझी काकडी आखूड होत चाललीय आणि जीभ लांब."

घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला उंच आरसा, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा. हात असा, की दूरदूरची माणसं कपडे घेऊन यायची. "माझ्या दारातून कुणी ढगळ कपड्यात बाहेर पडलं ना, तर मशीन विकून टाकीन," असं ती सांगायची, आणि ते खरंच होतं. कुणी बारीक होऊन येवो की सुटून येवो, अर्ध्या तासात कपडा अंगावर असा बसवून द्यायची, की माणूस आरशात बघून म्हणायचा, "अरेच्चा, मी तर होतो तसाच आहे!"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. स्वभावाने गमत्या. एकुलती एक मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणी गोबरी होती म्हणून तिचं नाव पडलं ढब्बू. "आमची ढब्बू आत शिरली की लिफ्टची घंटा वाजते," हा बापाचा ठरलेला विनोद. लिफ्टमध्ये जास्त वजन झालं की वाजते ती घंटा. पाहुणे आले की हा विनोद व्हायचा, सगळे हसायचे, आणि ढब्बू सगळ्यांत मोठ्याने हसायची.

गेल्या वर्षापासून ढब्बू बारीक व्हायला लागली. आधी गोड बंद झालं. मग रात्रीचं जेवण "नको, पोट भरलंय" असं झालं. लिफ्टवाल्याची मुलगी असून ती कुठेही गेली तरी जिनाच चढायची. आणि गंमत म्हणजे, घरात सगळ्यांत जास्त स्वयंपाकाचा उत्साह तिलाच. नवनवीन पदार्थ शोधून करायची, सगळ्यांना आग्रह करकरून वाढायची, बापाने दुसऱ्यांदा घेतलं की खूश व्हायची. स्वतः मात्र "करता करता चाखलं खूप" म्हणून ओटा पुसत उभी. टेपकाकूला वाटलं, मुलगी शहाणी झाली. लोकही तेच म्हणत होते. आत्या तर भेटेल तिला सांगायची, "आमच्या भाचीकडे बघा जरा! जिद्द म्हणतात ती याला."

मधूनमधून ढब्बू एखादा कपडा मशीनवर ठेवून जायची. "आई, याचं जरा फिटिंग करून दे ना." टेपकाकू गिऱ्हाइकांच्या कामातून वेळ काढून बाजूची शिवण जरा आत घ्यायची. कपडा पुन्हा नीट बसायचा. संपलं.

आता खिडकीच्या उजेडात तिने ड्रेसची आतली बाजू बघितली.

बाजूच्या शिवणीला एक टीप होती, मूळची. तिच्या आत दुसरी. तिच्या आत तिसरी. सगळ्या तिच्याच हातच्या, सरळ, सारख्या. जादा कापड तिने कधी कापून टाकलं नव्हतं. वाढत्या मुलांच्या कपड्यात ती नेहमी भरपूर माया ठेवायची. मुलं अंगाने भरली की शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. आजवर प्रत्येक मुलाचा कपडा तिने उसवून मोठाच केला होता. इथे मात्र कापड दर वेळी आतच गेलं होतं, घडीवर घडी पडून बाजूला जाडजूड दोर झाला होता. सुई त्यावर तुटली होती.

तिने तो दोर चिमटीत धरला. एवढी मुलगी होती या ड्रेसमध्ये. कुठे गेली?

"झाला का गं?" मागून आवाज आला. ढब्बू दारात उभी होती. उन्हाळ्याचे दिवस, पंखा भरभर फिरतोय, आणि हिच्या अंगात स्वेटर.

"ये जरा इकडे. माप घेते."

"माप कशाला? टाचण्या लावून दिल्यात की मी."

"अगं, ये म्हटलं ना."

"नको." मग लगेच हसून, "टेपकाकू, तुम्ही तर नजरेने माप घेता म्हणे."

टेपकाकू उठली आणि तिने सरळ लेकीला जवळ घेतलं. कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं. मुलगी मोठी झाली, अंगाला हात लावू देत नाही, अशी तिची समजूत. हाताला स्वेटर लागला आणि स्वेटरखाली पाठीचा एकेक मणका. बोटं थंडगार होती. बाही वर सरकली, तर हातावर बारीक मऊ लव उगवलेली, तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी.

"तू जेवत नाहीस," टेपकाकू म्हणाली. विचारायचं होतं, पण बोलून गेली.

ढब्बू झटकन बाजूला झाली. "झालं सुरू! सगळं जग छान म्हणतंय आणि तुलाच खुपतंय. उद्या आत्याकडे जायचंय, मला तो ड्रेस हवाय."

"ड्रेस राहू दे. आपण आधी डॉक्टरांकडे..."

"मग मी टाचण्या लावूनच घालीन. टोचल्या तर टोचल्या." तिचे डोळे भरून आले होते. "आई, प्लीज. ढगळ कपडा घातला की सगळे विचारतात. एवढं दे करून. मग तू म्हणशील ते करीन. आणि बाबांना काही बोलू नकोस. नाही ना बोलणार?"

टेपकाकूने मान हलवली. हलवायला नको होती. पण लेक समोर रडत होती, आणि तिला रडताना बघून शहाणपणाने वागेल ती आई कसली? उद्याचा दिवस जाऊ दे, परवा बघू, असं म्हणत तिने जाड सुई बसवली आणि चौथी टीप मारली. पायाखालचं पायडल तिला त्या दिवशी जड लागत होतं.

रविवारी ढब्बू जिना चढून आईबापांपाशी पोचली तोच आत्याने दार उघडलं आणि तोंडभरून म्हणाली, "अगं बाई! कोण ही मॉडेल? वहिनी, आमची ढब्बू कुठे सोडून आलात?"

"मागून जिन्याने येतेय," बाप म्हणाला. "माझ्या लिफ्टवर रुसलीय ती. मी दुरुस्त केलेली लिफ्ट, तरी विश्वास नाही!"

सगळे हसले. टेपकाकू हसली नाही. जेवताना ती आज पहिल्यांदाच नीट बघत होती. ढब्बू बोलत होती, वाढत होती, आत्याच्या हातच्या चवीचं कौतुक करत होती, पाण्याचा तांब्या भरायला उठत होती. टेबलावरची बाकीची ताटं रिकामी होत आली. तिचं ताट कुणाच्या लक्षात येऊ नये, यासाठीच जणू ती एवढी बोलत होती. टेपकाकूने हातातला घास परत ताटात ठेवला.

"वहिनी, तुम्ही काही घेतच नाही आहात?" आत्या म्हणाली. "की तुम्हालाही लेकीसारखं व्हायचंय?"

निघताना ढब्बू पुन्हा जिन्याने उतरायला गेली. टेपकाकू तिच्या मागोमाग गेली म्हणून बरं. दुसऱ्या वळणावर ढब्बूने कठड्याला हात लावला, तो निसटला, आणि ती भिंतीला घासत खाली बसली, नुसती बसल्यासारखी, आवाज न करता. डोळे उघडे होते पण त्यांत कुणी नव्हतं.

"अहो!" टेपकाकूच्या ओरडण्याने जिना दणाणला. "अहो, इकडे या!"

बापाने लेकीला उचललं. उचलताना त्याचा तोल मागे गेला. जेवढा जोर लावला तेवढा लागलाच नव्हता. त्याचा चेहरा टेपकाकूने पाहिला.

इस्पितळात तरुण डॉक्टरीण होती. बोलणं कमी, हात भरभर. नाडी बघितली, पुन्हा बघितली, हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं. तोवर ढब्बू शुद्धीवर येऊन उशीला टेकून बसली होती आणि घरी जाऊ या म्हणून मागे लागली होती.

"पाळी कधी आली होती शेवटची?" डॉक्टरणीने टेपकाकूला विचारलं. टेपकाकूला सांगता येईना. सगळ्या गल्लीच्या कमरेची मापं तिला तोंडपाठ होती.

डॉक्टरीण आईबापांना पडद्याआड घेऊन गेली. "हिला आजच दाखल करावं लागेल," ती म्हणाली. "नाडी फार मंद आहे. माणूस दीर्घकाळ पुरेसं खात नसेल तर शरीर आधी साठवलेली चरबी वापरतं, मग स्नायू वापरायला लागतं. हृदय हाही स्नायूच आहे. रक्तातले क्षारही खाली आलेत. अशा वेळी ठोके कधी चुकतील सांगता येत नाही."

"अहो, पण वयच तसं आहे," बाप म्हणाला. "पोरी करतात हल्ली डाएट. मी बसवतो समोर आणि खाऊ घालतो पोटभर. दोन दिवसांत ठणठणीत होईल."

"तेच करू नका. उपाशी शरीरावर एकदम भरपूर अन्नाचा मारा केला तर तेही जिवावर बेतू शकतं. हळूहळू, रोज रक्त तपासत वाढवावं लागतं. आणि हे डाएट नाही, हट्टही नाही. आजार आहे, मनाचा आणि शरीराचा मिळून. तिला भूक लागते, पण भुकेपेक्षा भीती मोठी झालीय. रागावून ती जात नाही."

"मला काही झालेलं नाहीये!" पडद्यापलीकडून ढब्बू म्हणाली. सगळं ऐकत होती. "ऊन लागलं मला. बाबा, बघा ना, हा ड्रेस गेल्या वर्षीचा आहे. तसाच्या तसा बसतोय. मी बारीक झाले असते तर बसला असता का?"

बापाने पडदा बाजूला केला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं दिसलं. बुडणाऱ्याच्या हाती काहीतरी लागावं तसं. "खरंच की. हिने शिवलेला. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला घातला होतास तू." तो डॉक्टरणीकडे वळला. "बघा बाई, कपडा खोटं बोलतो का? आम्ही घरी नेतो. उद्या हवं तर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवतो."

ढब्बू आईकडे बघत होती. सांग ना त्यांना, असं ते बघणं. टेपकाकूला कळत होतं की आपण आता गप्प बसलो तर लेक घरी येईल, आज रात्री आपल्याशी गोड बोलेल, कदाचित मिठीही मारेल. आणि नंतर?

"बसत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"तो ड्रेस तिला बसत नाही. मी बसवलाय."

"आई!"

टेपकाकू पलंगापाशी गेली, वाकली, आणि तिने ड्रेसची एका बाजूची किनार उलटवली. "हे बघा. तीन वेळा आत घेतलाय. शेवटचा काल."

बाप जवळ आला. त्याने तो कापडाचा जाड दोर अंगठ्याखाली दाबला, तारेचा पीळ तपासावा तसा. कुठून कुठपर्यंत आहे ते बघत बोट काखेपर्यंत नेलं. "एवढं सगळं?" तो म्हणाला. "दोन्ही बाजूंनी?"

"दोन्ही बाजूंनी."

"तू म्हणाली होतीस बोलणार नाही म्हणून!" ढब्बू किंचाळली. "खोटारडी! मला शब्द दिला होतास!"

"दिला होता," टेपकाकू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण किनार तिने सोडली नाही. "मोडला."

बापाने खिशातून पेन काढलं. मग डॉक्टरणीला म्हणाला, "सही कुठे करायची?"

पुढचे दिवस वाईट गेले. ढब्बू आईशी बोलेना. टेपकाकू खोलीत आली की भिंतीकडे तोंड. ठोके मोजणारं यंत्र रात्रंदिवस टिकटिकायचं, मध्येच एखादा ठोका लांबायचा आणि बाहेर बाकावर बसलेली टेपकाकू उठून दाराशी जायची. नर्स ठरल्या वेळी मोजून थोडंसं द्यायची, समोर बसून राहायची. त्या चार घासांना तासभर लागायचा. कधी ताट ढकललं जायचं, कधी रडणं, कधी आतून आवाज यायचा, "तुम्ही सगळे मिळून मला फुगवताय!" आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट समोर यायचं.

समुपदेशन करणाऱ्या बाईंसमोर बापाने एकदा मान खाली घालून विचारलं, "लिफ्टच्या घंटेवरून मी चिडवायचो तिला. त्याने झालं का हे?"

"एकाच कशाने हा आजार होत नाही," बाई म्हणाल्या. "मुलांनाही होतो, मुलींनाही. अंगाने भरलेल्यांनाही होतो, आणि मग तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. चिडवणं बंद करा, ते बरंच. वजनाबद्दल, दिसण्याबद्दल घरात बोलणं नको, कौतुकानेसुद्धा नको. पण तुम्ही दोघं स्वतःला दोष देत रडत बसलात, तर तिच्यासमोर जेवायला कोण बसणार? ती घरी आली की रोज, प्रत्येक वेळी कुणीतरी समोर हवं. जेवण संपेपर्यंत. ती तुम्हाला उठवायला बघेल. तिच्यातली भीती बघेल, म्हणा हवं तर. उठायचं नाही."

ठोके सुधारले तशी ती घरी आली. बरी झाली असं नव्हे. आता कामाला सुरुवात आहे, असंच डॉक्टरणीने सांगितलं होतं. दर आठवड्याला तपासणी, बाईंकडे बोलायला जाणं, आणि मध्ये हे लांबच लांब दिवस.

घरात काही गोष्टी बदलल्या होत्या. उंच आरसा ट्रायलच्या पडद्याआड गेला होता. टेप खुंटीवर. भाजीवाल्याने विचारलंही, "काकू, गळा मोकळा कसा?" ती म्हणाली, "मानेला आराम देतेय." ढब्बू हे नावही कुणी घेत नव्हतं. बापाची त्यामुळे पंचाईत व्हायची. एवढ्या वर्षांत लेकीला दुसऱ्या कशाने हाक मारलीच नव्हती. "अगं... हे... ऐक ना," असं करत तो दारात अडखळायचा.

निळा ड्रेस टेपकाकूने उसवला नाही. तो कुठे ठेवला ते फक्त तिलाच ठाऊक. त्याऐवजी तिने लेकीसाठी नवा झगा शिवला होता, आयुष्यात पहिल्यांदा माप न घेता. कमरेला नाडी, सैल बाह्या, बारीक व्हा नाहीतर अंगाने भरा, त्याला फरक पडणार नाही. लेकीने तो घातला आणि खाली बघून पहिल्यांदा आईशी आपणहून बोलली.

"हे काय शिवलंय? गोणी?"

"गोणीच."

"टेपकाकूच्या दुकानाचं नाव जाणार."

"जाऊ दे."

त्या दिवशी सकाळी दोघी टेबलाशी समोरासमोर होत्या. लेकीपुढे पाव, अंडं, दुधाचा पेला. अंडं संपलं होतं. दूध अर्धं. पाव तसाच. टेपकाकू स्वतःचं खात होती आणि पावाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती, जो काही जमत नव्हता. पंख्याचा आवाज, नळाचा थेंब, बस्स.

दारावर टकटक झाली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई होत्या. "टेपकाकू! कोटाची ट्रायल! आजच हवाय हो मला, संध्याकाळी निघायचंय."

"जा ना," लेक पटकन म्हणाली. "मी खाते. खरंच खाते. तू येईपर्यंत संपवते."

टेपकाकूचे पाय सवयीने उठायला निघाले. खुर्ची मागे सरकलीही. आजवर या दारात गिऱ्हाईक कधी ताटकळलं नव्हतं. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. जिन्यावरून निसटताना कठड्याकडे बघितलं होतं, तसं ती पावाकडे बघत होती.

टेपकाकूने खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"थांबा हो बाई," तिने आवाज दिला. "आम्ही जेवतोय."

"सकाळी सकाळी जेवण? किती वेळ?"

"माहीत नाही."

लेकीने तिच्याकडे असं बघितलं, की दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर टेपकाकूने नजर खाली वळवली असती. "गिऱ्हाईक तोडशील."

"तुटू दे."

"किती दिवस अशी बसणार आहेस समोर?"

"तुझं होईपर्यंत."

लेकीने पाव उचलला. खाली ठेवला. टेपकाकूने आपले दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. बाहेर बाईंनी पुन्हा कडी वाजवली.

"त्या जातील," लेक म्हणाली.

"जातील."

लेकीने पाव पुन्हा उचलला, मोडला, आणि डोळे मिटून एक तुकडा तोंडात घातला. चावताना तिने टेबलावर हात पुढे केला, न बघता, चाचपडत. टेपकाकूने तो धरला. बोटं अजून थंडच होती. ताटात पावाचा मोठा तुकडा उरला होता, आणि दोघींपैकी कुणीही उठलं नाही.